परमुलखातील तिघे ठक

देशाटनाने माणूस शहाणा होतो, असे आपण सर्वजण पाठ्यपुस्तकांतून शिकत आलो. हे शहाणपण अंगी येण्यापूर्वी खिशातून किती पैसे जातात, हे मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात दिलेले आमच्या पाहण्यात नाही. एके काळी परदेशगमन ही मोजक्यांचीच गोष्ट होती, असे इतर प्रांतांतील लोक म्हणू शकतील. आम्हां गोमंतकीयांना तसे म्हणता येणार नाही. आमच्या गावांतून तारवटी बोटीवर चढत, कोणी आफ्रिकेत जाऊन राही, पुढे आखाताची वाट मळली, आणि आज आमच्या वर्गातील बाकांवर बसणाऱ्या मुलांपैकी कित्येकांचा मामा दुबईस आहे, आत्या लिस्बनला आहे आणि थोरला भाऊ कोठल्याशा प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात आहे. ही मुलेही उद्या जातील. भूगोलाच्या तासाला आम्ही त्यांना देशांची नावे, नद्या आणि राजधान्या शिकवतो. परंतु त्या राजधानीच्या रस्त्यावर पहिल्या सकाळी हसतमुखाने सामोरा येणारा मनुष्य कोण, हे शिकवावयाचे राहून जाते. त्या मनुष्याविषयी चार शब्द लिहावे, असे मनात आले.

ह्या मनुष्याची आणि आपली ओळख वास्तविक फार जुनी आहे. पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्रात खांद्यावर बोकड घेऊन निघालेल्या ब्राह्मणाची कथा येते. ती कोणास ठाऊक नाही? तीन ठक वाटेत अंतराअंतराने उभे राहतात आणि खांद्यावरचा पशू बोकड नव्हे, असे प्रत्येकजण त्या बिचाऱ्यास सांगतो. शेवटी तो बोकड टाकून देतो. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आम्हांला त्या ब्राह्मणाचे हसू येई. इतका वेंधळा माणूस असतो तरी कोठे, असे वाटे. पुढे मुलांना हीच गोष्ट शिकवण्याची वेळ आली, तेव्हा तिच्यातील एक बारकावा ध्यानात आला. तो ब्राह्मण पहिल्या ठकाला फसत नाही. उलट त्याच्यावर रागावतो. दुसऱ्यापाशी त्याचा पाय अडखळतो. तिसरा भेटतो तेव्हा मात्र त्याच्यापुढे प्रश्न बोकडाचा उरत नाही. एकमेकांस अनोळखी असलेले तीन प्रवासी सारखेच खोटे कसे बोलतील, असा तो विचार करतो. म्हणजे तो फसला तो बुद्धी नव्हती म्हणून नव्हे. त्याने पुरावा गोळा केला. फक्त तो पुरावा एकाच घरचा होता.

2024 च्या मे महिन्यात, सुट्टीत, आम्ही चौघे शिक्षक थायलंडला जाऊन आलो. बँकॉक येथील राजवाडा पाहावा ही मुख्य इच्छा. पहिल्या रामाने, म्हणजे आजच्या राजघराण्याच्या मूळपुरुषाने, 1782 साली चाओ फ्राया नदीच्या काठी हा राजवाडा बांधावयास घेतला. प्रवेशास परकीय प्रवाशांकडून माणशी 500 बाथ घेतात. सकाळी साडेआठपासून दुपारी साडेतीनपर्यंत तिकिटे मिळतात. खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. एवढे आम्ही निघण्यापूर्वी वहीत टिपून ठेवले होते. शिक्षकाची सवय, दुसरे काय!

नदीतून होडीने जाऊन ता चांग नावाच्या धक्क्यावर उतरलो आणि राजवाड्याची पांढरी तटबंदी दिसू लागली, तोच एक गृहस्थ पुढे झाले. पांढरा स्वच्छ सदरा, इस्त्रीची विजार, गळ्यात फितीला अडकवलेले कसलेसे ओळखपत्र, वय पन्नाशीच्या घरातले. त्यांनी हात जोडून नमस्कार केला, आम्ही भारतातून आलो का म्हणून आपुलकीने चौकशी केली, आणि मग अतिशय खेदाने सांगितले की, आज भिक्षूंचा विधी असल्यामुळे राजवाडा दुपारी दोनपर्यंत बंद आहे. मात्र खंत करण्याचे कारण नव्हते. तोपर्यंत उभ्या बुद्धाची प्रचंड मूर्ती पाहून यावी. तेथे नेणारी टुकटुक, म्हणजे तिकडची रिक्षा, आज सरकारी सवलतीमुळे अवघ्या 20 बाथांत मिळेल. ती पाहा, समोरच उभी आहे! आम्ही घड्याळ पाहिले. दहा वाजले होते. आम्ही त्यांचे आभार मानले आणि तटाच्या कडेने चालत मुख्य दरवाजापर्यंत गेलो. दरवाजा सताड उघडा होता व आत शिरणाऱ्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली होती. राजवाडा रोज उघडा असतो, अनोळखी माणसांचे ऐकू नका, अशा सूचना तेथे प्रवाशांसाठी दिल्या जातात. दुर्दैव इतकेच की, सूचना ऐकू येते ती दरवाजापाशी आणि सदऱ्यातले गृहस्थ उभे असतात ते दरवाजाच्या बरेच अलीकडे.

त्याच दिवशी सायंकाळी आमच्या निवासस्थानी इंदूरचे एक मराठी दांपत्य भेटले. परमुलखात मराठी कानी पडली की कोणाचीही ओळख व्हायला वेळ लागत नाही. गृहस्थ एका बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले; आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या सह्या पारखल्या. बोलता बोलता त्यांनी एक डबी काढून दाखवली. तीत नीलमण्याची अंगठी होती. किंमत 30,000 बाथ, म्हणजे आपल्या हिशेबाने सत्तर हजार रुपयांच्या आसपास. ती त्यांनी कशी घेतली, हे ते सांगू लागले तेव्हा आमच्यातील विज्ञानशिक्षक हळूच आमच्याकडे पाहू लागले.

त्यांनाही तटबंदीबाहेर एक सभ्य गृहस्थ भेटले होते. राजवाडा बंद असल्याचे कळल्यावर ते टुकटुकीत बसले. उभ्या बुद्धाचे देऊळ खरेच होते, आणि मूर्तीही खरीच. वॉट इंथराविहान येथील ती मूर्ती 32 मीटर उंच आहे. देवळाच्या ओसरीत एक शांत, सुशिक्षित तरुण बसला होता. तो स्वतःहून काही विकू पाहत नव्हता. तो म्हणे आपल्या आईसाठी प्रार्थना करावयास आला होता. बोलण्याच्या ओघात त्याने सांगितले की, सरकारने वर्षातून एकदा आठवडाभर निर्यातीच्या रत्नांवरील कर माफ केलेला असतो, त्याची मुदत आज संपते. तो स्वतः मागील वर्षी दोन खडे घेऊन परदेशात विकून आला आणि त्यावर त्याच्या शिक्षणाचा खर्च निघाला. बाहेर आल्यावर टुकटुकवाल्याने, कोणी न विचारता, त्याच दुकानाचे नाव घेतले. दुकानात थंडगार पेय मिळाले, प्रमाणपत्र मिळाले, आणि अंगठीबरोबरचे सुटे खडे थेट इंदूरच्या पत्त्यावर टपालाने पाठवण्याची सोय करू, असे आग्रहाने सांगण्यात आले. ती मात्र त्यांनी नाकारली. ही टपालाची सोय कशासाठी, हे आम्हांस नंतर उमगले: माल हाती नसला म्हणजे त्याच दिवशी दुसऱ्या सराफाला दाखवून परत आणून देता येत नाही.

“आम्ही लोभी नव्हतो हो,” त्या बाई म्हणाल्या. “एकाच्या सांगण्यावर आम्ही विश्वास ठेवला नसता. पण तिघांनीही तेच सांगितले.”

पंचतंत्राची आठवण आम्हांला करून द्यावी लागली नाही. बोलल्यावर त्यांची त्यांनाच झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगठी एका सराफाकडे तपासून घेतली. खडा काचेचा नव्हता, पण खाणीतलाही नव्हता. तो कारखान्यात तयार केलेला होता आणि त्याची किंमत सांगण्यासारखी नव्हती. आमच्या विज्ञानशिक्षक मित्राने त्याची फोड केली ती येथे देतो, कारण आम्ही कलाशाखेचे, आम्हांला हे ठाऊक नव्हते. माणिक आणि नीलमणी ही एकाच खनिजाची, कोरंडमची, दोन रूपे. मूळ द्रव्य ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, रंग येतो तो त्यात मिसळलेल्या किंचित अशुद्धीमुळे. ऑग्युस्त व्हर्नुई ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हेच द्रव्य ज्वालेत वितळवून माणिक घडवण्याची रीत 1902 साली जाहीर केली. तेव्हापासून कारखान्यातला खडा आणि खाणीतला खडा ह्यांत द्रव्याचा भेद उरला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर ज्वालेत घडलेल्या खड्याच्या वाढीच्या रेषा वक्र दिसतात, खाणीतल्याच्या सरळ. साध्या डोळ्यांना हे दिसणे शक्य नाही. म्हणून “आम्ही नीट पारखून घेतले” असे जो म्हणतो, त्याने खडा पारखलेला नसतो, विकणाऱ्याचा चेहरा पारखलेला असतो.

ज्या राजवाड्याच्या दारात हा व्यवहार सुरू होतो, त्याच्या आतील देवळात सबंध थायलंडला पूज्य असलेली मूर्ती आहे. तिला पाचूचा बुद्ध म्हणतात. उंची सुमारे 66 सेंटिमीटर. वर्षातून तीनदा, ऋतू पालटला की, राजाच्या हस्ते तिचा वेश बदलण्यात येतो. ही मूर्ती पाचूची नाही. हिरव्या रंगाच्या दुसऱ्याच दगडातून ती कोरलेली आहे. परंतु तिला पाचूची म्हणून कोणी कोणास विकत नाही, त्यामुळे त्या नावाने कोणाचे काही बिघडलेले नाही.

देवळाभोवतीच्या ओवऱ्यांत भिंतींवर रामायणाची चित्रे आहेत. एकंदर 178 चित्रफलक. तिकडील रामकथेला रामकियन म्हणतात. आम्ही त्या ओवरीतून फिरताना तासभर रेंगाळलो. सुवर्णमृगाची आणि सीताहरणाची हकीकत आपणांस तोंडपाठ असते. परंतु सकाळच्या त्या सदऱ्यातील गृहस्थांच्या भेटीनंतर तिचा क्रम निराळाच भासू लागला. प्रथम डोळ्यांना भुरळ घालणारी वस्तू. मग सोबतच्या माणसापासून ताटातूट. आणि सर्वांत शेवटी ज्याला नाही म्हणणे संस्काराविरुद्ध वाटावे असा वेश, म्हणजे दारातला संन्यासी. रावण दहा तोंडांनिशी आला असता तर सीतेने रेषा ओलांडली नसती, हे पाचवीतले पोरही सांगेल. ठकाला तोंड एकच असते, तेही सौम्य.

युरोपची तऱ्हा निराळी. तेथे बोलण्यापेक्षा बोटांचे काम अधिक. लिस्बनमध्ये मार्तिम मोनिझच्या चौकातून निघणारी 28 क्रमांकाची जुनी ट्राम चढउतारांच्या अरुंद गल्ल्यांतून खडखडत जाते; प्रवाशांना ती फार प्रिय, म्हणून खिसेकापूंनाही. रोममध्ये मोठ्या स्थानकापासून व्हॅटिकनकडे जाणाऱ्या 64 क्रमांकाच्या बसची हीच ख्याती आहे. पॅरिसमध्ये टेकडीवरच्या साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांशी एखादा तरुण हसत हसत तुमच्या मनगटाला रंगीत दोरा बांधू लागतो आणि गाठ पक्की झाली की दाम मागतो; सेन नदीच्या काठी कोणी तुमच्या पायाशी पडलेली पितळी अंगठी उचलून “ही तुमचीच ना?” म्हणून विचारतो. आमचे एक आप्त बरीच वर्षे लिस्बनला आहेत. ते सांगतात की, ट्राममध्ये चोरी होते ती गर्दीच्या मध्यभागी नव्हे, तर दारात. एकजण चढता चढता काही विसरल्यासारखा थबकतो, मागचा त्याच्यावर आदळतो, त्या आदळण्यात तिसऱ्याचा हात आपले काम करून जातो. पुन्हा तिघेच! त्यांनी आपले पैशांचे पाकीट पँटच्या मागच्या बोल्सात ठेवणे कधीच सोडले. वाचकांपैकी जे गोव्याबाहेरचे असतील त्यांच्यासाठी सांगतो: कोंकणीत खिशाला बोल्स म्हणतात, आणि हा शब्द आम्ही पोर्तुगीजांकडूनच घेतला. मराठीने आपला खिसा फारसीकडून घेतला. खिशासाठी दोन्ही भाषांना परक्यांच्या दारी जावे लागले, ह्याचा अर्थ विद्वानांनी लावावा.

येथे एका गोष्टीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. खिसेकापूंचा विषय निघाला की युरोपात लगेच एका विशिष्ट जमातीचे नाव निघते, आणि आपले लोकही तिकडून आल्यावर तेच नाव सांगत बसतात. कृपा करून मुलांना असे सांगू नये. सबंध जमातीच्या कपाळी चोरीचा शिक्का मारणे म्हणजे काय, हे आपल्या देशाने पाहिलेले आहे. 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या कायद्याने मूल जन्मताच गुन्हेगार ठरू लागले, पोलीस चौकीवर हजेरी लागू लागली. स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला, शिक्का मात्र पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांचे “उचल्या” हे आत्मकथन वरच्या वर्गांतील मुलांनी अवश्य वाचावे. 1988 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही ही समजूत घातकच आहे. जो मळक्या कपड्यांकडे पाहून पिशवी छातीशी धरतो, तो इस्त्रीच्या सदऱ्यापुढे ती सैल सोडतो. इंदूरच्या त्या गृहस्थांना कोणा भिकाऱ्याने लुबाडले नव्हते.

शिवाय, सगळेच चोर आहेत असे मनात धरून हिंडावयाचे तर घरीच बसलेले काय वाईट? चाओ फ्रायाच्या होडीत तिकिटे फाडणाऱ्या बाईंच्या हातात लांबट धातूची नळी असते. तीत नाणी असतात आणि ती खुळखुळवत त्या गर्दीतून फिरतात. आमच्या देखत एका वृद्ध परकीय बाईंनी नोट ओळखता न आल्यामुळे मोठी नोट दिली आणि घाईत त्या धक्क्यावर उतरल्या. ह्या तिकीटवाल्या बाई होडीच्या कठड्याशी धावल्या, ओरडून त्यांना थांबवले आणि उरलेले पैसे मोजून त्यांच्या हातावर ठेवले; होडीवाला शिट्या मारीत राहिला. आमच्यापुरता आम्ही एक ठोकताळा बांधला आहे. ज्याला आपण होऊन शोधून विचारतो, तो भाजीवाला असो, शाळकरी मुलगा असो, तो बहुधा खरे सांगतो, कारण आपण त्याच्याकडे जाणार हे त्याला ठाऊक नसते. जो आपणहून आपल्याकडे येतो, त्याचे म्हणणे मात्र त्याच्या ओळखीच्या नसलेल्या दुसऱ्या कोणाकडून पडताळावे. राजवाडा बंद आहे की उघडा, हे राजवाड्याच्या दाराला विचारावे.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. साध्या वेशातला कोणी पोलीस म्हणवून पाकीट पाहावयास मागू लागला, तर पाकीट काढू नये. खऱ्या पोलिसाला आपल्या नोटा मोजण्याचे कारण नसते, जवळच्या चौकीवर येतो म्हणावे. थायलंडात प्रवाशांसाठी वेगळे पोलीस आहेत, त्यांचा क्रमांक 1155. पैसे काढण्याचे यंत्र “रक्कम रुपयांत आकारू का?” असे विचारते, तेव्हा नको म्हणावे आणि त्या देशाच्याच चलनात व्यवहार करावा, रुपयांचा तो भाव यंत्रवाल्याच्या सोयीचा असतो. समुद्रावर फिरवणारी पाण्यातली मोटारसायकल भाड्याने घेताना पारपत्र तारण म्हणून ठेवू नये. पट्टाया आणि फुकेत येथे जुन्याच ओरखड्यांची भरपाई मागण्याची चाल आहे, आणि पारपत्र त्यांच्या पेटीत असले म्हणजे वाद घालणार कसा? आधी त्या वाहनाची चोहोबाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. पारपत्राची एक छायाप्रत घरी, एक पेटीत. मूळ पारपत्र हरवलेच तर प्रथम तेथील पोलिसांत नोंद करावी आणि ती घेऊन भारतीय दूतावासात जावे. मायदेशी परतण्यापुरता आणीबाणीचा दाखला तेथे मिळतो. आमच्या किनाऱ्यांवर येणाऱ्या पाहुण्यांनाही दलाल गाठतात, हे ह्या ओघात मान्य केले पाहिजे. आम्ही गोमंतकीयांनी इतरांना नावे ठेवताना आवाज बेताचाच ठेवावा.

अंगठीचे पैसे जातात. मनस्ताप होतो, पण माणूस घरी येतो. ज्याच्यामुळे हा लेख लिहावयास घेतला ते प्रकरण निराळे आहे. सप्टेंबर 2022 मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने एक इशारा प्रसिद्ध केला. थायलंडात संगणकावरील कामाची, उत्तम पगाराची नोकरी म्हणून शिकलेल्या तरुणांना बोलावतात. प्रवासी म्हणून ते बँकॉकला उतरतात, तेथून त्यांना पश्चिमेकडील मे सोत ह्या गावी नेतात आणि मोएई नदी ओलांडून म्यानमारमध्ये म्यावाडीच्या बाजूस उतरवतात. तेथे उंच कुंपणांच्या आत वसाहती आहेत. पारपत्र काढून घेतले जाते. मग ह्या मुलांना दिवसाचे बारा-बारा तास दूरध्वनीवरून आणि संगणकावरून दूरदेशीच्या लोकांना फसवण्यास बसवतात. कोणी गुंतवणुकीचे आमिष दाखवावयाचे, कोणी प्रेमाचे नाटक करावयाचे. ठरलेली रक्कम आणली नाही तर मार. मार्च 2025 मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना वायुसेनेच्या विमानांनी मे सोतहून परत आणावे लागले. आपल्या वर्गात बाकावर बसून त्या ब्राह्मणाला हसलेला मुलगा कुंपणाआड दुसऱ्या कोणा ब्राह्मणासाठी तिसऱ्या ठकाच्या जागी उभा केला जातो. ह्याहून अधिक आम्हांस लिहवत नाही.

2025 च्या जून महिन्यात आमचा एक माजी विद्यार्थी वडिलांना घेऊन घरी आला. हातात नोकरीचे पत्र: बँकॉक, संगणकावर माहिती भरण्याचे काम, महिना ऐंशी हजार रुपये, राहणे-जेवणे फुकट. मुलाखत दूरध्वनीवर दहा मिनिटांत उरकलेली. तिकीट ते लोकच काढणार होते. जाताना मात्र प्रवासी म्हणून जावयाचे, कामाचा परवाना तेथे गेल्यावर करून देतील. वीस हजार रुपये अगोदरच भरून झाले होते.

आम्ही त्या दोघांना बसवले आणि सरकारचे ई-मायग्रेट नावाचे संकेतस्थळ उघडले. परदेशी नोकरी लावून देणाऱ्याला 1983 च्या कायद्याप्रमाणे सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदलेल्यांची यादी तेथे कोणासही पाहता येते, आणि अशा दलालास उमेदवाराकडून कमाल 30,000 रुपये व त्यावरील कर एवढेच घेता येतात, तेही पावती देऊन. त्या पत्रावरील नाव यादीत नव्हते. पावतीही नव्हती. मुलाचा चेहरा उतरला. वडील मात्र शांतपणे म्हणाले, “मास्तर, तो आमच्या सोयऱ्याच्या वळखीचो मनीस.” आपल्याच नातेवाइकाच्या ओळखीचा माणूस आहे, मग यादी कशाला पाहावयाची, असा त्यांचा सरळ भाव होता. बोटीवर नोकरी लागे ती अशाच ओळखीने. त्यांचे स्वतःचे आयुष्य त्याच भरवशावर चालले होते. त्यांना काय उत्तर द्यावे हे आम्हांस क्षणभर सुचेना.

शेवटी मुलानेच उपाय काढला. त्याने तेथेच बसून दलालास निरोप धाडला: आपला नोंदणी क्रमांक कळवावा, आणि कंपनीचा बँकॉक येथील पत्ता द्यावा, म्हणजे तेथील आपल्या दूतावासाकडे चौकशी करतो. पंधरा मिनिटांनी त्या गृहस्थाचा फोन आला. आवाज मोठा होता. विश्वास नसेल तर मागे शंभर मुले उभी आहेत, असे तो म्हणाला. मुलाने पुन्हा क्रमांक मागितला. फोन बंद झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो लागेनासाच झाला. 1930 ह्या क्रमांकावर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यातही अर्ज दिला. वीस हजार अद्याप परत आलेले नाहीत. मुलगा सध्या वास्कोला एका कचेरीत हिशेबाचे काम करतो. पगार ऐंशी हजारांच्या जवळपासही नाही.

चवथीच्या सुमारास त्याचे वडील बाजारात भेटले. ते सोयरे दरवर्षी गणपतीला यावयाचे ते यंदा आले नाहीत, असे त्यांनी सांगितले. त्यांच्यावर रागावला आहात का, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, राग कसला? त्याच दलालाकडे त्यांनी स्वतःच्या भाच्यासाठी चाळीस हजार भरले होते, आणि तो भाचा मे महिन्यातच गेला आहे.